स्टँड लांब, चष्मा जवळचा

अहो चष्मेवाले,

तुमची करामत, म्हणजे माझा नवा चष्मा, फ्रीजवर ठेवली आहे, ओट्यावर शोधू नका. तालमीला चालले, भाजी गरम करून घ्या.

काल सगळा वाद्यवृंद थांबला तरी मी एकटीच व्हायोलिन वाजवत राहिले, कारण स्टँडवरचं नोटेशन नुसतं धुकं दिसत होतं. घरी सांगितलं तर म्हणालात, "होईल सवय." उचलली जीभ, लावली टाळ्याला! वाचायला जेवढा नंबर वाढवायचा त्याच्या निम्मा घातला, की झाला तुमचा मधल्या अंतराचा चष्मा. कॉम्प्युटरवाल्यांना चालत असेल. मी काय कॉम्प्युटर वाजवते? स्टँड हाताच्याही पलीकडे असतो. अंतर वाढलं की नंबर उतरवायचा, हे गिऱ्हाइकांना घसा फोडून तुम्हीच सांगता ना?

म्हणून आज दुपारी तुमच्या दुकानासमोरच्या चष्मेवाल्याकडे गेले. त्याने मला व्हायोलिन घेऊन बसवलं, वाजवायला लावलं, डोळ्यापासून कागदापर्यंत टेप धरली आणि स्वच्छ दिसेपर्यंत भिंगं बदलली.

दार सताड उघडं होतं. मी वाजवत होते. समोर काउंटरवर तुम्ही होतात. एकदाही मान वर केली नाहीत.