हिच्या वाटची दहा मिनिटं

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (कंबर हल्ली अर्ध्यावर अडते, तेव्हा उरलेलं वाकणं तू मनातल्या मनात पूर्ण करून घे.) तुझे गुडघे काय म्हणतात? शाळेतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी अजून सकाळी सातला उठून कुणाला रांगेत उभं करतेस की आता घरच्यांना थोडी सूट मिळते? इथे आई ठणठणीत आहे. परवा तपासायला आलेल्या डॉक्टरलाच तिने वजन कमी करायला सांगितलं.

तुझं पत्र मिळालं. दोन देशांत संसार, मजा आहे बाबा तुमची, असं लिहून तू खाली विचारलंस की मनाला शांती कुठे जास्त मिळते, इकडे की तिकडे. मुख्याध्यापिकेने प्रश्न टाकलाय म्हटल्यावर उत्तर लिहिणं भाग आहे. आमची व्यवस्था तुला ठाऊक आहे, तरी पुन्हा सांगतो, कारण सकाळी जाग आली की आपण कुठल्या घरात आहोत ते मलाच आधी आठवून घ्यावं लागतं. तिकडे लेक इस्पितळात परिचारिका, जावई जहाजावर आणि नात दीड वर्षाची. इकडे आई सत्त्याऐंशीची. म्हणजे दोन्ही टोकांना एकेक माणूस हवं, आणि आमच्याकडे माणसं मोजून दोन. म्हणून तीन महिने ही तिकडे आणि मी इकडे, पुढचे तीन महिने उलट. अदलाबदलीच्या वेळी शेजारच्या शिवणवाल्या बाई आईजवळ राहतात, आणि आम्ही दोघं लेकीच्या घरी दीड दिवस एकत्र असतो. त्या दीड दिवसात आमचं बोलणं म्हणजे कारखान्यातली पाळी बदलताना होतं तसं. आईची कुठली गोळी संपत आलीय, नातीला कुठल्या घोंगडीशिवाय झोप येत नाही, कुठला नळ गळतो. मागच्या वर्षी आम्ही नवरा-बायको एका छपराखाली एकूण सहा दिवस होतो. एवढ्यात भांडणसुद्धा नीट उरकत नाही.

आता शांतीचं. हिची एक सवय तू पाहिली आहेस. रोज सकाळी खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत दहा मिनिटं डोळे मिटून बसते आणि देवाशी काय ते बोलते. मी यात कधी पडलो नाही. अडतीस वर्षं लिफ्टची दुरुस्ती केली, आणि जे उघडून बघता येत नाही त्याबद्दल मत द्यायचं नाही, ही आमची शिस्त. पण यावेळी निघताना हिने मला बजावलं, माझ्या वाटची दहा मिनिटं तुम्ही बसत जा, घराला सवय आहे. मी म्हटलं, मला काही येत नाही. ही म्हणाली, येण्यासारखं त्यात काही नाहीच, नुसतं बसायचं. आता नुसतं बसणं हे काम मला आयुष्यात कुणी दिलेलं नव्हतं, त्यामुळे कुतूहल वाटलं.

काम म्हटलं की कार्ड हवं. प्रत्येक लिफ्टच्या मशीनजवळ आम्ही तपासणीचं कार्ड टांगायचो, तारीख, वेळ, शेरा. तसंच एक मी खुर्चीला बांधलं. पहिल्या दिवसाचा शेरा असा, ‘बसलो. चार मिनिटं. पाठ खाजली.’ तिसऱ्या दिवशी, ‘डोळे मिटल्यावर जिन्याकडून लिफ्टच्या दाराची घरघर स्पष्ट ऐकू आली. उठून रोलर बदलला.’ (इमारतीतले लोक तेव्हापासून या उपासनेवर खूश आहेत.) नवव्या दिवशी, ‘देव येऊन गेला असल्यास कळलं नाही.’ तेविसाव्या दिवशी नुसतंच ‘झोप.’

मधेच एक भानगड झाली. आई घड्या घातलेले कपडे त्याच खुर्चीवर ठेवायची. रोज ते उचलून बसायचं म्हणजे निम्मी शांती तिथेच संपायची. आमच्या धंद्यात नियम असा, की माणूस आत काम करत असेल तर मुख्य बटणावर पाटी लावायची, आणि ज्याने लावली त्यानेच ती काढायची. बाकी कुणी, अगदी मालकानेही, हात लावायचा नाही. तेव्हा मी माझी जुनी पाटी खुर्चीच्या पाठीला अडकवली, ‘काम चालू आहे. हात लावू नये.’ आईने ती इतकी मनावर घेतली की त्या बाजूचा केरही काढेना. वर शिवणवाल्या बाईंना सांगितलं की सुनेच्या देवाचं काहीतरी बिघडलंय आणि हा दुरुस्त करतोय. बाई दुसऱ्या दिवशी हळूच विचारायला आल्या, दुरुस्ती संपली की त्यांनाही जरा बसून बघता येईल का.

आणि मग, ताई, एकेचाळिसावा दिवस. शेरा माझ्याच अक्षरात आहे म्हणून विश्वास ठेवतो. ‘काहीच आठवलं नाही. उठावंसं वाटलं नाही. सव्वीस मिनिटं.’ हे काय होतं ते मला सांगता येत नाही. लिफ्ट अगदी नीट चालत असेल तर आतल्या माणसाला ती थांबली आहे असंच वाटतं, तसं काहीसं. त्यानंतर आणखी तीनदा झालं. कसं होतं, का होतं, उरलेल्या दिवशी का होत नाही, याचा मी अजून शोध घेतोय.

गेल्या रविवारी फोनवर हिला कॅमेऱ्यासमोर कार्ड धरून दाखवलं आणि विचारलं, तुला रोज होतं ते हेच का? हिला आधी मागची पाटी दिसली. पोट धरून हसली. हसता हसता रडायलाच लागली. म्हणाली, ‘तुम्हाला समाधी लागली का हो? मला इथे एक दिवससुद्धा नाही लागली.’ मी रोज विचारायचो, बसलीस का, आणि ही रोज हो म्हणायची. हिने नातीच्या खोलीत बसून पाहिलं, कपडे धुवायच्या यंत्राशेजारी बसून पाहिलं. तिथे डोळे मिटले की आईच्या गोळ्या दिसतात, आणि इकडे असताना मिटले की नात जिन्यावरून पडताना दिसते. दीड वर्ष असंच चाललंय म्हणाली. तुम्ही बसताय म्हणून मी निभावतेय, तेवढं मात्र सोडू नका. मी म्हटलं, नाही सोडत. फार वाईट वाटलं, ताई. जिची श्रद्धा तिला शांती मिळत नाही, आणि ज्याला नको होती त्याच्या नावावर चार दिवस जमा.

तेव्हा उत्तर असं की शांती इकडे आहे की तिकडे, हे मला अजून कळलेलं नाही. कळवतो म्हणून खोटं आश्वासनही देत नाही. घरच्या सगळ्यांना विचारल्याचं सांग, आणि गुडघ्यांना तेल लाव.

तुझा,
खटपट्या

ता.क. पुढच्या महिन्यात माझी तिकडे जायची पाळी आहे. तू सहा आठवडे इथे आईजवळ येऊन राहशील का? म्हणजे मी गेल्यावर हिला लगेच परतावं लागणार नाही. इकडे तू आहेस म्हटल्यावर तिला गोळ्या दिसणार नाहीत, आणि मी शेजारी असलो तर नातीकडे एक डोळा मी उघडा ठेवीन. दहा मिनिटं तिला तिची तिची बसू द्यायची आहेत. वरचं सगळं पत्र एवढंच विचारायला लिहिलं. सरळ विचारायला जीभ रेटेना.

आणखी ता.क. तुला जमणार नसेल तर मनाला लावून घेऊ नकोस, काहीतरी मार्ग काढू. आईला मी यातलं अक्षरही सांगितलेलं नाही. कुणाला लिहितोयस, म्हणून तिने विचारलं, तर ताईला, एवढंच म्हटलं. आत्ता पाकीट आणायला आत गेलो, तर कपाटातला खालचा कप्पा, तू येतेस तेव्हाचा तुझा, तिने रिकामा करून ठेवलाय.