आतबट्ट्याचा

२१ जुलै, सोमवार
परत तोच शब्द! लेकीने, चंचलने नर्सिंगचा फॉर्म दाखवला, तर हे म्हणाले, "पोरीला शिकवणं म्हणजे आतबट्ट्याचा धंदा." फॉर्म टराटरा फाडला. मी मध्ये पडले — कानाखाली जाळ. अजून कान वाजतोय.

२२ जुलै
शब्द मूळचा माझा. अमळनेरला बाबांच्या दुकानात शिकलेला. घातलं त्याहून कमी हाती येणं, एवढाच त्याचा अर्थ. यांनी दोन भंगार लूम घेतले, तेव्हा मी म्हणाले होते, "हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे." धंदा बुडाला. यांनी माझा ओठ फोडला, आणि शब्द ठेवून घेतला. आता माझं औषध आतबट्ट्याचं, लेक आतबट्ट्याची, मी तर पहिल्या दिवसापासूनच!

२६ जुलै
चंचलने लपवून आणलेला दुसरा फॉर्म सापडला यांना. लूमचा जुना लाकडी धोटा घेऊन तुटून पडले. चंचलचं उजवं मनगट मोडलं — मी आवाज ऐकला. सासूबाई गहू निवडत बसलेल्या. मान वर केली नाही! यांच्यापेक्षा त्यांचाच राग जास्त आला.

२७ जुलै
प्लास्टर. डॉक्टरने विचारलं. "जिन्यावरून पडली," मी म्हणाले. थू माझ्यावर!

२९ जुलै
धोटा पलंगाखाली असतो. बघून ठेवला.

३१ जुलै
ॲडमिशनचा शेवटचा दिवस. दोघी कॉलेजात गेलो, तिथेच नवा फॉर्म घेतला. चंचलने डाव्या हाताने सही केली. झालं एकदाचं!

लिंबायतला घरी पोचलो तर हे दारातच. "दुसरा हातबी मोडतो!" म्हणत पलंगाकडे गेले. धोटा तिथे नव्हता; सकाळीच माझ्या पिशवीत घातलेला, आता हातात होता. हाणला. भुवई फुटली, रक्त डोळ्यात. "आई, बघ ही काय करते!" सासूबाई गहू निवडत राहिल्या. मला वाईट वाटलं नाही.

१ ऑगस्ट, शुक्रवार
श्रावणातल्या कानबाई देवीच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्यासाठी गहू काढले. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मूठ पडते. बायका-पोरींची कधीच नसते. सासूबाईंनी धाकट्या भटूभाऊजींची टाकली आणि थांबल्या.

"मनी मूठ?" यांनी विचारलं. कपाळाला पट्टी.

"वाल्मिक, तुन्हा नावना गहू म्हंजे आतबट्टाना येव्हार."

मग त्यांनी चंचलचा डावा हात धरला, मूठ भरायला लावली आणि तिचं नाव मोठ्याने घेतलं. मी सुपडं पुढे केलं.

यंदाच्या रोटात वाल्मिकचा दाणा नाही.