ओढा, पन्नास मीटर

ती. दाजींच्या सेवेसी मल्हारचा साष्टांग नमस्कार.

तुमची पाठदुखी आणि ताईचा राग, दोन्ही उतारावर असतील अशी आशा. (फोन केला की ताई तो मधूनच ओढून घेते, म्हणून कागद.)

मागे तुम्ही चंद्रपूरच्या कोळशाच्या खाणीत नाल्याकाठचा पट्टा न खोदता कसा राखतात ते सांगितलेत. मी ते रोजनिशीत उतरवले आणि इथे लागू केले. आपल्या ओढ्याच्या वर मानसिंगरावांची दगडखाण आहे. गेल्या उन्हाळ्यात तिचा गाळ उतरून धोंडुकाकीच्या विहिरीचे पाणी पिठल्यासारखे झाले. (मेंढ्यांनी वास घेऊन तोंड फिरवले. काकी प्यायली, दुसरे पाणी कुठे होते?) शेवटी ग्रामसभेत ठरले: ओढ्यापासून पन्नास मीटर सोडून खोदायचे, खाणीतले पाणी आधी खड्ड्यात निवळू द्यायचे, आणि हद्दीची दोरी मी बांधायची.

मी तीनदा मोजले. दोनदा पन्नास भरले, एकदा एकोणपन्नास. मनाला रुखरुख नको म्हणून चौथ्यांदा मोजले. खुंट्या ठोकून दोरी ताणली, मधोमध पाटी अडकवली. वर ठळक 'ओढा', खाली '५० मीटर'. (बाणही काढायचा होता. रंग संपला.) मग कामाला फलटणला गेलो.

पोकलेन चालवणारा यशराज तुमच्याच चंद्रपूरकडचा, अत्यंत आज्ञाधारक माणूस. त्याने पाटी वाचली, यंत्र थांबवले, दोघांना हाताशी घेतले आणि दोरी ओढली. टेपने मोजून पन्नास मीटर. माणूस ओढतो ते स्वतःकडेच, म्हणजे खाणीकडे. खुंट्याही पुन्हा ठोकल्या, माझ्यापेक्षा सरळ. परतल्यावर विचारले तर म्हणाला, "तुम्हीच लिहिलं ना जी, ओढा म्हणून? त्या पाण्याला तर आम्ही नाला म्हणतो."

तोवर मानसिंगराव येऊन, "मल्हारनं मोजलंय म्हणजे चोख असणार," म्हणत तलाठ्यासमोर हद्दीच्या पंचनाम्यावर सही करून गेले होते. माझ्या सचोटीचा गावाला एवढा उपयोग यापूर्वी कधी झाला नव्हता.

मी लगेच खरे सांगायला निघालो. काकीने दारातच अडवले.

"कुटं निगालास रं? तू पन्नास मोजलंस, देवानं पन्नास वाडवलं. देवाचं खोडणारा तू कोण?"

मी म्हणालो, ओढणारा देव नव्हता, यशराज होता.

"व्हय, पर अक्षर तुजंच हाय न्हवं?"

रोजनिशीत आकडा दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिला आहे. पण मी खरे सांगणार, याबद्दल निश्चिंत असा. फक्त कधी, एवढेच ठरायचे आहे.

ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
मल्हार

ता. क.: तुमच्या खाणीत नाल्यापासून नेमके किती अंतर सोडतात, हे विचारायलाच खरे तर पत्र लिहायला बसलो. शंभर सोडत असतील तर मानसिंगरावांना एका दमात सांगता येईल: चूक माझी, पण अंतर बरोबर.

दुसरी ता. क.: पंचनामा पुढच्या सोमवारी तहसीलला दाखल होतो. शंभर असेल तर पत्र मिळताच फोन करा. पन्नास असेल तर साधे कार्ड पुरे, घाई नाही.