कोऱ्या द्रावणातली रेघ

इलेक्ट्रॉनिक सिटी, बेंगळूरु
३ जून २०२५

ती. सौ. कमलाआत्यास श्रीविद्याचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून पत्र. माझं संशोधन कशावर आहे, ते तू विचारलं होतंस. रेणूंत इलेक्ट्रॉन बहुधा जोडीने असतात. ज्यात एक सुटा राहतो, तो फ्री रॅडिकल. असे रेणू सहसा लगेच कुणाला तरी चिकटून संपतात, माझे मात्र टिकतात. केसाहून बारीक प्लॅटिनमची तार काचेत बसवायची, तिचं टोक द्रावणात बुडवायचं आणि विजेच्या प्रवाहावरून ते ओळखायचे. माझ्या टोकाला ते अगदी नाममात्र असले तरी दिसतात. माझ्या मार्गदर्शक वाणी मॅडम खूश आहेत. महिनाअखेरीला परिषदेत मला हेच सांगायचं आहे.

आणि काल रॅडिकल अजिबात नसलेल्या कोऱ्या द्रावणातही मला ते दिसले. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर काच आणि तार यांच्यात फट. आधीचं द्रावण तिच्यात दडून राहतं आणि पुढच्यात झिरपतं, म्हणजे माझे आजवरचे आकडे खोटे. फट मीच पाडली. दुसऱ्या कुणी टोकाला हात लावला की मी ते कढत पाण्याने धुऊन घेते, त्यानेच काच सुटली. आपल्या घरची मडी, म्हणजे सोवळं-ओवळं, त्याची हाताला सवयच लागली आहे. सोबतचा प्रणीत म्हणतो, आधी भाषण करून टाक, दुरुस्ती मागाहून. मॅडमना तोंड कसं दाखवू, कळत नाही.

तुझा हात पाठीवर असू दे.
तुझी श्रीविद्या

राजाजीनगर
५ जून

चि. श्रीविद्येस अनेक आशीर्वाद.

जोडीविना टिकणारे रेणू म्हणे. तसं एक माणूस आपल्या घरातही आहे, पण तो विषय आज नाही. मडीचं खापर मात्र माझ्यावर फोडू नकोस, कढत पाणी काचेवर ओतायला मी कधी शिकवलं नाही.

तुझे आतोबा म्हणाले, स्वल्प थांबू दे तिला, परिषद झाली की सावकाश सांगेल. मला ते पटलं नाही आणि मी तसं सुनावलं. उद्या दुसरी एखादी पोर तुझ्या आकड्यावर विसंबून आपली वर्षं घालवेल. मॅडम रागावल्या तर रागावू देत. पत्र मिळताच त्यांच्याकडे जा. मग इकडे ये, लिंबू पिळून चित्रान्नाचा भात करून ठेवते.

आमची माया आहेच, तुझीही राहू दे.
तुझी कमलाआत्या

इलेक्ट्रॉनिक सिटी
२६ जून

ती. सौ. आत्यास सा. न. वि. वि.

गेले आणि सांगितलं. मॅडमनी सूक्ष्मदर्शकाखाली ती फट स्वतः पाहिली. मग माझ्यासमोरच मेल करून त्यांनी भाषण रद्द केलं. मी जिन्यात जाऊन रडले. दुसऱ्या दिवशी नवी टोकं करायला बसले. बरीचशी बाद झाली, एक टिकलं. आता थंड पाणी, आणि कुणी हात लावला तरी मी जीव मुठीत धरून गप्प बसते. या टोकाला रॅडिकल भरपूर असले तरच दिसतात. प्रबंध वर्षभर लांबेल. लांबू दे, मी तो पुरा करणार आहे.

आज ते टोक कोऱ्या द्रावणात बुडवलं. पडद्यावरची प्रवाहाची रेघ शेवटपर्यंत सपाट गेली. मागे उभ्या असलेल्या मॅडमनी पुन्हा करायला लावलं. पुन्हा सपाट. आत्या, जिथे काही नव्हतं तिथे काही दिसलं नाही, आणि मला कधी नव्हे इतका आनंद झाला. मॅडमनी तो आलेख छापून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, पुढच्या वर्षीचं भाषण इथून सुरू कर.

रविवारी येते. तोवर लोभ आटू देऊ नकोस.
तुझी श्रीविद्या