चौथ्या रांगेतलं डाळिंब

ती. ताई,

सविनय नमस्कार. तुमच्या गुडघ्यांना आता आराम पडला असेल, अशी आशा आहे. साडूभाऊंचा खोकलाही थांबला असावा. (थांबला नसेल तर त्यांना सांगा, औषधाची बाटली नुसती उशाशी ठेवून खोकला जात नाही.) माझं ठीक चाललं आहे. वेळेवर जेवतो. तुमची धाकटी बहीण जाऊन परवा आठ महिने झाले, हे तुम्हाला सांगायला नको.

पत्राला उशीर झाला, कारण आमच्या कोळसा खाणीच्या परवान्याचं नूतनीकरण होतं आणि त्या तपासणीपायी पंधरा दिवस माझा जीव टांगणीला लागला होता. कोळसा काढून झाला की खड्डा बुजवायचा, वर माती पसरायची, झाडं लावायची. ती जगली तरच पुढचा परवाना. झाडंही सरकारी यादीतलीच हवीत. त्यांची नोंदवही माझ्याकडे असते. आता चौथ्या रांगेत एक डाळिंब आहे. दोन वर्षांपूर्वी लागवडीला घरच्या मंडळींना बोलावलं होतं, तेव्हा ते तुमच्या धाकटीने लावलं. हे यादीत नाही, असं मी हळूच म्हणालो होतो. ती म्हणाली, "मग वहीत करंज लिहा." (मी लिहिलं. मी कधी तिच्याशी वाद घातल्याचं तुम्हाला आठवतं का? मलाही आठवत नाही.) तिची रक्षा मी त्याच बुंध्याशी घातली, हे तुम्हाला माहीत आहे. खाणीत कोणालाच माहीत नाही.

तपासणीत झाडं सगळी मोजतात, पण नाव आणि उंची फक्त दर दहाव्या झाडाची लिहितात. ते यादीबाहेरचं निघालं, तर अख्खी रांग उपटून नव्याने लावायची आणि तोवर परवाना अडकलेला. म्हणून मी आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत रांग मोजत होतो. फाटकाकडून डाळिंब तेहतिसावं. मी निश्चिंत झालो. (मी निश्चिंत झालो की काय होतं, ते तुम्ही माझ्या लग्नापासून बघत आला आहात.) निरीक्षकबाई आल्या, डोळ्यांवर ऊन येतं म्हणाल्या आणि मोजणी दुसऱ्या टोकाकडून सुरू झाली. बहात्तर झाडांच्या रांगेत त्या टोकाकडून डाळिंब कितवं, ते मी मनात चार वेळा काढलं. चारही वेळा चाळिसावं आलं.

बाईंबरोबर मोजणीला एक वयस्कर कारकून होते. आम्ही त्यांचं नाव आकडेबुवा ठेवलं. मान खाली, प्रत्येक बुंध्याला काठी लावायची आणि आकडा पुटपुटत पुढे सरकायचं. त्यांना काहीतरी बोलून थांबवावं, असं मनात होतं. पण मी वाक्य जुळवेपर्यंत ते तिसाच्या पुढे गेले होते. म्हणून मी नुसताच रांगेत जाऊन उभा राहिलो, छत्तिसाव्या झाडाशेजारी. मॅनेजरसाहेब दातओठ खात कुजबुजले, "पायांना मुळं फुटली का तुमच्या?" तेवढ्यात आकडेबुवा आले, माझ्या नडगीला काठी लावली, "सदतीस" म्हणाले आणि पुढे गेले. मी हललो नाही. चाळिसावा आकडा डाळिंबाच्या अलीकडच्या करंजावर पडला. बाईंनी त्याची उंची घेतली, बरी आहे म्हणाल्या, आणि डाळिंबाला वळसा घालून गेल्या.

परवाना मिळाला. सगळ्यांना पेढे वाटले. मी माझा खिशात ठेवला आणि विसरलो. साडूभाऊंना नमस्कार.

आपला,
मेहुणा

ता. क. अहवालात चौथ्या रांगेत त्र्याहत्तर झाडं आहेत, सगळी जिवंत. वहीत बहात्तर. अहवाल बदलता येत नाही, म्हणून मॅनेजरसाहेबांनी मला आणखी एक झाड लावायचा हुकूम दिला आहे.

ता. क. २. अहवालाबरोबर यादीची नवी प्रत आली. मागच्या पानावर चालणारी फळझाडं दिली आहेत, डाळिंब तिसरं. जुन्या प्रतीतही होतं. ती सहा वर्षं माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. काचेखालचा कागद उलटून कोण बघतं?

ता. क. ३. तेव्हा मी उभा होतो त्या जागी डाळिंबच लावावं म्हणतो. तिने लावलेली फांदी तुमच्या अंगणातली होती. दुसरी पार्सलने पाठवू नका, वाटेत सुकेल. तुम्हीच घेऊन या. बुजवलेली जमीन फार कडक असते, खड्डा काही एका दिवसात होत नाही. चार दिवसांचे कपडे आणा.