भेगांची नक्षी

प्रिय चिखल्या,

पत्र बघून दचकू नकोस. तुझी ताई धडधाकट आहे आणि तिची जीभही. फोनच केला असता, पण आई पलीकडच्या खोलीत असते आणि तिचे कान अजून इतके तिखट आहेत की मी इथे सुई पाडली तरी ती तिथून कुठे पडली ते सांगेल. तिने मला तंबी दिलीय, तुझी भांड्यांची मोठी भट्टी उतरेपर्यंत घरातलं काहीएक तुझ्या कानावर घालायचं नाही. मागे तूच तिला म्हणाला होतास ना, की भट्टी निवायच्या आत दार उघडलं तर गार वाऱ्याने आतलं सगळं तडकतं? ते तिने पदरात बांधून ठेवलंय. मी तोंड उघडायचा अवकाश, की ती म्हणते, दार लाव. तेव्हा आज मी फक्त तुझं कौतुक करणार आहे. त्याला तिची हरकत नाही.

तुझं गेल्या खेपेचं प्रदर्शन आम्ही दोघींनी पाहिलं, हे तुला ठाऊक नाही. उद्घाटनाला बोलावलंस तेव्हा आई म्हणाली, त्या बड्या लोकांत मी कुठे मिरवू. मग तू परत गेल्यावर एका दुपारी मी शिलाईचं दुकान बंद केलं, तिला टॅक्सीत घातलं आणि नेलं. हॉलमध्ये चिटपाखरू नव्हतं. काय सांगू तुला! माझा जन्म कापडावरची नक्षी बघण्यात गेला. कापडाचं एक बरं असतं, वीतभर बघितलं की पुढचं सगळं कळतं, तीच फुलं परत येतात. तुझ्या त्या परातीवर सूर्यफुलाच्या बिया गोल फिरत मधोमध जातात, त्यात एक बी दुसरीसारखी नाही आणि तरी गोल कुठे चुकलेला नाही. मी बोट फिरवून बघत होते तर तिथली देखरेखीची मुलगी धावत आली, हात लावू नका म्हणाली. मी म्हटलं, बाई, ह्याच हातांनी त्याचं शेंबडं नाक पुसलंय. बिचारी मग आमच्याबरोबरच फिरली.

गांधीलमाशीच्या घरट्यासारखी ती सुरई पाहिली. इतकी पातळ, की पलीकडचा उजेड आत आलेला दिसत होता. कोबीच्या शिरांचा वाडगा बघून तर मला हसूच आवरेना. आठवतं का, आईने कोबी मधोमध चिरला आणि तू तो अर्धा गड्डा पळवून पलंगाखाली जाऊन बसलास? आतली वळणं काढायची होती म्हणे. आम्ही सगळे ताटावर ताटकळतोय आणि हा पठ्ठ्या पेन्सिल चावतोय. नळाच्या मागचा चिखल वाळून त्याच्या पापड्या सुटल्या की त्या जपून उचलायच्या आणि आईच्या डब्यात भरायच्या, हा तुझा दुसरा उद्योग. चिखल्या हे नाव तुला मी उगीच नाही ठेवलं. तेव्हा सगळ्यांना वाटायचं, ह्या पोराचं काही खरं नाही. मलाही वाटायचं. आता लोक त्या हॉलमध्ये तुझ्या भांड्यांसमोर आवाज खाली आणून बोलतात, आणि माझी मान इतकी ताठ होते की मलाच कसंतरी वाटतं.

पण खरी मजा शेवटच्या खोलीत झाली. तिथे तो मोठा पांढरा वाडगा होता, झिलईला बारीक भेगा आणि भेगांत काळी शाई मुरवलेली. खालच्या कार्डावर लिहिलेलं, तळ्यातला सुकलेला गाळ. त्या मुलीने समजावून सांगितलं, तडा गेला तर भांडं बाद, पण ही भेग आहे, वरची झिलई तेवढी फाटते, भांडं आतून शाबूत असतं. आई तिने दिलेल्या खुर्चीत बसून, वाकून बराच वेळ बघत राहिली. मग तिने पाय हळूच खुर्चीखाली ओढून घेतले आणि माझ्या कानात म्हणाली, “गाळ कसला डोंबलाचा! मेल्याने माझ्या टाचा मांडून ठेवल्यात.” आणि मग आम्ही दोघी जे हसलो! टॅक्सीतही तिचं चालूच होतं, ह्या वाडग्यात कोण कशाला जेवेल, टाचेत कुणी वाढतं का.

घरी आल्यावर मात्र ती आपल्याच टाचांवरून बोट फिरवत बसली. मला तिचे लॉन्ड्रीतल्या नोकरीचे दिवस आठवले. लॉन्ड्रीच्या ओल्या फरशीवर ती दिवसभर उभी असायची, टाचा फुटून रक्त यायचं. संध्याकाळी ती भिंतीला टेकून पाय लांब करायची आणि तू मेणाची डबी घेऊन पायाशी बसायचास. ते तुझं काम होतं, मला कधी करू दिलं नाहीस. एकेका भेगेत मेण भरायचास आणि सांगायचास, ही नदी, हा रस्ता, इथे पूल बांधू. ती थकून डोळे मिटून असायची, पण तू विचारलंस की पुलावरून कोण जातंय ते बरोबर सांगायची. तू कार्डावर गाळ लिहिलंस, ते तुला खरंच वाटतही असेल. पण तुझ्या हाताला सगळं आठवतंय रे. शाई मुरवताना तू तेच करत होतास. मी खूप सुंदर गोष्टी पाहिलेल्या नाहीत, माझं जग चार रस्त्यांएवढं आहे, पण त्या वाडग्याइतकं सुंदर मी काही पाहिलेलं नाही. तो मी तुला कळू न देता तुझ्या प्रदर्शनाचं बघणाऱ्या माणसाकडून मागून आणला. आईच्या उशाशी असतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दाखवते, माझ्या मुलाने माझ्या टाचा काढल्यात म्हणून.

आता कामाचं बोलते. काल मी तिचे पाय पुसत होते. सवयीने मेणाची डबी उघडली आणि टाच हातात घेतली, तर भरायला काहीच नव्हतं. एकही भेग नाही. तू पाळण्यात होतास तेव्हा तुझ्या टाचा होत्या तशा, मऊ. आयुष्यभर मेणाने, तेलाने जे झालं नाही, ते अंथरुणावर पडून झालं. हिवाळा सरल्यापासून तिने जमिनीला पाय लावलेला नाही, आणि डॉक्टर आता औषधं वाढवत नाहीत, कमी करतात. मी डबी धरून रडत बसले. ती मात्र केवढी खूश झाली! म्हणाली, बघ, बऱ्या झाल्या, एवढं त्याला कळव, एवढं कळवलंस तर चालेल. तेव्हा तिचा शब्द मी मोडलेला नाही, तिने सांगितलेलं तेवढंच कळवतेय. चिखल्या, आईच्या टाचा बऱ्या झाल्या. पत्र घेऊन आलेले तुझे भाऊजी बाहेर गाडीत थांबलेत, शेजारची सीट मी मुद्दाम रिकामी ठेवायला लावलीय. भट्टी आपली आपण निवेल. तू ये.

तुझं नाक पुसणारी,
तुझीच ताई