आईसाठी तीन रात्रींची जागा

सोमवार, ३ नोव्हेंबर

आई येतेय. एकटी! सकाळी डेपोतून बस काढणार तेवढ्यात फोन — "साबिना, पुढच्या गुरुवारी येते. रविवारी परत. शहर बघायचंय." मी बोलोन्यात बस चालवतेय त्याला किती वर्षं झाली! एवढ्या वर्षांत तिला शहर बघावंसं वाटलं नाही. आता नोव्हेंबरच्या धुक्यात बघायचंय!

बाबा येणार नाहीत. "होडी कोण बघणार?" हेही आईच म्हणाली. बाबा फोनवर बोलतच नाहीत. तिकडे समुद्रकाठी, तेर्मोलीच्या घरी फोन केला की बाबा उचलतात, "हं" म्हणतात, "एर्सिलियाऽ!" अशी हाक मारतात आणि फोन टेबलावर ठेवून जाळी विणायला निघून जातात. आमचं बापलेकीचं संभाषण संपलं.

मी म्हटलं, माझ्या खोलीत झोप, मी सोफ्यावर पडेन. तर म्हणते, "नको गं. मला एखादी जागा बघून दे."

जागा? पोटच्या पोरीचं घर असताना?

मंगळवार, ४ नोव्हेंबर

नाराज आहे. आज एवढंच.

बुधवार, ५ नोव्हेंबर

राग गेला. (थोडा उरलाय.) तसं घर लहान आहेच. त्यात भाडं वाटून घेणारी ओरिएत्ता नर्स — रात्रपाळी करून येते आणि दिवसभर झोपते, म्हणजे घरात दिवसा मांजरीसारखं चालायचं. आईला हळू बोलता येत नाही. ठीक. बघू जागा. आख्खं शहर रोज माझ्या काचेसमोरून जातं, एक खोली नाही का मिळणार!

पहिलं स्टेशनजवळचं हॉटेल सुचवलं. सोयीचं, उतरली की दोन मिनिटांत खोलीत.

"आजूबाजूला कोण राहतं?"

"कोणी नाही, आई. सगळी हॉटेलंच आहेत."

"मग नको. बॅगा ओढत पळणारी माणसं बघायला येऊ का मी? सकाळी खिडकी उघडून 'काय म्हणताय' म्हणायचं कुणाला?"

अगं, तीन सकाळी!

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

आज सिस्टरांचा मठ बघून आले. पाहुण्यांसाठी खोल्या ठेवल्यात त्यांनी. फरशी अशी की आरसा नको. मागे बाग, सकाळी घरचा मुरांबा. फाटक दहाला बंद होतं — मला वाटलं, हे तर आईसाठीच! नवाच्या बातम्या पुऱ्या व्हायच्या आत घोरते ती.

फोनवर सगळं वर्णन केलं. आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दहाच्या आत घरात मी लग्न झाल्यापासून आहे. आता नको."

मी हसले. ती नाही हसली. मग तीही हसली, पण उशिरा.

वाल्टरला सांगितलं. वाल्टर म्हणजे आमच्या डेपोतला सगळ्यात जुना चालक, प्रत्येक गोष्टीवर मत असलेला. म्हणाला, "तीन दिवसांसाठी एवढ्या चौकशा? मी लग्न करताना बायकोची एवढी चौकशी केली नव्हती." मग स्वतःच म्हणाला, "करायला हवी होती."

पण काम त्यानेच केलं. त्याच्या आईच्या जुन्या शेजारीणबाई, सिन्योरा आर्जा, एक खोली भाड्याने देतात. उद्या जाते.

शनिवार, ८ नोव्हेंबर

सिन्योरा आर्जा! काय बाई आहे! सत्तरी ओलांडलेली, गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा, हाताला पीठ. दार उघडून मला खालून वर बघितलं.

"राहायचंय कुणाला, तुम्हाला?"

"माझ्या आईला. तीन रात्री."

"स्वयंपाक करते का?"

"करते. फार चांगला करते."

"मग आमची भांडणं होणार." थोडा विचार केला. "चालेल. घरात आवाज तरी होईल."

तिसरा मजला, लिफ्ट नाही. खोली बरी — पलंग, मोठं कपाट, खिडकी मागच्या चौकाकडे उघडणारी. चौकात समोरासमोरच्या खिडक्यांतून बायका दोरीवरचे कपडे काढता काढता गप्पा मारत होत्या. मी लगेच तिथूनच आईला फोन लावला. तर प्रश्नांची माळ! स्वयंपाकघरात ऊन कधी येतं? माझे कपडे त्या दोरीवर वाळत घालू देतील का? शेगडी वापरू देतील का? बाजार जवळ आहे? रविवारी बस असते? खालच्या मजल्यावर कोण? आणि — "डॉक्टर जवळ आहे का गं?"

"बस मीच चालवते, आई, रविवारी पण असते! आणि तीन दिवसांत कपडे धुणार आहेस तू?"

"विचारून ठेवलेलं बरं."

सिन्योरा आर्जा शेजारी उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. मी फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "हुशार आहे तुमची आई."

रविवार, ९ नोव्हेंबर

डॉक्टर कशाला?

बस चालवताना सकाळपासून तोच एक विचार. मोठं इस्पितळ त्या घरापासून चालत जाण्यासारखं आहे. गावाकडची किती माणसं तपासण्यांसाठी इथे येतात! स्टेशनवरून इस्पितळाला जाणाऱ्या बसमध्ये मीच बसवून नेते त्यांना. हातात एक्स-रेचं मोठं पाकीट, चेहऱ्यावर 'सहज आलोय'. आणि आईला शहर बघायचंय म्हणे! माझ्याकडे राहिली तर मला कळेल, म्हणून वेगळी जागा?

एक थांबा विसरले. मागून एक आजोबा ओरडले, "बाईसाहेब, मी तर उतरणार होतो!"

सोमवार, १० नोव्हेंबर

आई बाजारात गेलेली असते त्या वेळी मुद्दाम घरी फोन केला. बाबांनी उचलला.

"हं."

"बाबा, फोन ठेवू नका. आई बरी आहे ना?"

तिकडून नुसता समुद्राचा आवाज. दार उघडं असावं.

"तब्येत बरी आहे," बाबा म्हणाले.

"मग काय बरं नाही?"

"तिलाच विचार." आणि फोन ठेवला. पण चार-पाच शब्द बोलले! माझ्या माहितीत हा विक्रम आहे, आणि त्यानेच जास्त भीती वाटली.

संध्याकाळी आईला सरळ विचारलं. ती भडकली — "मी ठणठणीत आहे! डॉक्टर कुठे राहतो हे माणसाला माहीत असावं. तू मला मारायला निघालीस की काय?"

ओरडली म्हणजे बरी आहे. जेवले नीट.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

आली! स्टेशनवर आधी बॅग उतरली, मग दुसरी बॅग, मग आई. तीन दिवसांसाठी दोन बॅगा. एकीत तेल, चीज, वाळवलेल्या मिरच्या, समजू शकते. दुसरी नुसती जड.

"यात काय दगड भरलेत?"

"हिवाळा आहे. कपडे जड असतात."

तिसऱ्या मजल्यापर्यंत ती बॅग मी वाहिली. आई मागून सूचना देत होती. सिन्योरा आर्जांनी दार उघडलं, दोघींनी एकमेकींना न्याहाळलं. दोन बोक्यांनी एका भिंतीवर समोरासमोर यावं तसं. मग आर्जाबाई म्हणाल्या, "तुमच्याकडे म्हणे सगळ्यात मासे घालतात."

आई म्हणाली, "आणि तुमच्याकडे सगळ्यात डुक्कर."

आर्जाबाई बाजूला झाल्या. "या आत. सूप गरम आहे."

मला 'बसा' कोणी म्हटलं नाही. मीच बसले.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आज तिला दोन मनोरे, मोठा चौक, कमानींचे रस्ते दाखवायचे म्हणून पाळी बदलून घेतली होती. तिने चौकाकडे बघितलं. "मोठा आहे." मनोऱ्याकडे बघितलं. "वाकडा आहे." संपलं शहर!

पण बाजारात! तिथे तासभर. कोबी दाबून बघितला, मासेवाल्याला "ही कधी मेलीय, गेल्या उन्हाळ्यात?" असं विचारलं. तो चिडला, मग हसला, मग आतून दुसरी मासळी काढून दिली. निघताना म्हणाला, "सिन्योरा, मंगळवारी या, मंगळवारी ताजी येते."

"बरं," आई म्हणाली.

मंगळवारी तर ती तेर्मोलीत असणार. पण चांगुलपणाने म्हणाली असेल.

शनिवार, १५ नोव्हेंबर

आज माझी पाळी होती. पहिल्याच थांब्यावर आई उभी! ठेवणीतला कोट, ओठांना लाली. आईने लाली लावलेली मी शेवटची कधी पाहिली, आठवत नाही. माझ्या मागच्या सीटवर बसली आणि उतरलीच नाही. या टोकाहून त्या टोकाला, पुन्हा परत, पुन्हा तिकडे. जेवायची सुट्टी होईपर्यंत बसून राहिली.

"अगं तो पोरगा पळतोय, थांब की!" थांबले. "वळताना जरा हळू." झाले हळू. "ही बाई उभी आहे, कुणीतरी उठा रे!" दोघं उठले!

एक गृहस्थ म्हणाले, "बाई, चालकाशी बोलायचं नसतं. पाटी वाचा."

"मी तिची आई आहे."

"मग तर अजिबात बोलू नका!"

अख्खी बस हसली. आई सगळ्यात जास्त.

सुट्टीत डेपोमागच्या बाकावर बसून तिने आणलेला पाव-चीज खाल्लं. म्हणाली, "छान चालवतेस. मला माहीतच नव्हतं." आणि मी मूर्खासारखी नेमका तोच विषय काढला — माझ्याकडे का नाही राहिलीस?

आई पावाचे तुकडे झटकत बसली. "तुझ्याकडे उतरले असते तर आई म्हणून आले असते. तुझी ताटं घासली असती, पडदे धुतले असते, ओरिएत्ताशी भांडले असते. मला नुसतं यायचं होतं."

"नुसतं म्हणजे?"

"काल खिडकी उघडी ठेवून झोपले. तुझ्या बाबांना वारा सोसत नाही. किती वर्षांनी झोपले अशी... नाकाला गार लागत होतं. मजा वाटली."

मी म्हटलं, मग बाबांना सांग ना, खिडकी उघडी ठेवू म्हणून.

"सांगितलं की. 'हं' म्हणाले."

दोघीही हसलो. मग ती हसायची थांबली. तेवढ्यात वाल्टर आला आणि आईला तिच्या वयाहून दहा वर्षं लहान ठरवून गेला. आगाऊ! पण बरं झालं आला ते.

रविवार, १६ नोव्हेंबर

दुपारची गाडी आणि माझी नेमकी दुपारची पाळी! कुणी बदलून देईना. आई म्हणाली, "तू जा कामावर. मला आता रस्ता कळतो."

सकाळी निरोपाला गेले तर दोघी स्वयंपाकघरात वाद घालत होत्या. आर्जाबाई पिठाच्या लाटीत सारण भरून बोटाभोवती गुंडाळत होत्या, आई बाजूला तेच करून बघत होती, आणि "असं नाही, कान पिळल्यासारखं पिळा" म्हणून बोलणी खात होती. आमची आई! जी कुणाला चमचा धरू देत नाही! गप्प बसून शिकत होती.

दारात मिठी मारली. तिच्या केसांना माशांचा वास नव्हता. पहिल्यांदाच.

"पोचलीस की फोन कर."

"करते," म्हणाली. डोळे पुसले. पीठ गेलं म्हणाली.

संध्याकाळी फोन आला नाही. मग एक निरोप — 'सगळं ठीक.' पोचली वाटतं. घरी आले. ओरिएत्ता रात्रपाळीला गेलेली. घर उगाचच मोठं वाटतंय.

सोमवार, १७ नोव्हेंबर

बाबांचा फोन. स्वतःहून!

"आई पोचली ना नीट?" मी विचारलं.

"तुला सांगितलं नाही तिने? ती नाही येत. ईस्टरपर्यंत तरी नाही. तिथेच राहणार आहे, त्या बाईंकडे."

मी उभी होते ती खाली बसले. मग म्हटलं, "भांडलात?"

"भांडायला मी बोलतो कुठे?"

पुन्हा समुद्राचा आवाज. मला वाटलं आता ठेवणार. नाही ठेवला. म्हणाले, "तिचं शिवणयंत्र राहिलंय इथे. लागेल तिला. पाठवलं तर मोडेल, मीच घेऊन येतो." मग खाकरले. "साबिना, एका रात्रीपुरती मला जागा बघशील? तिच्या जवळपास. तिच्याकडे नको. तिने बोलावलेलं नाही."

मी म्हटलं, बाबा, माझ्याकडे उतरा की.

"नको," बाबा म्हणाले. "आणि हे बघ — खिडकी उघडणारी बघ."